ऑडिटचा आक्षेप निघतो, मग पुढे काय होतं?

सरकारी पैशाचा एखादा मोठा घोटाळा बाहेर आला की हमखास विचारलं जातं, ‘इतकी वर्षं ऑडिट होत नव्हतं का?’ बहुतेक प्रकरणांत होत होतं, आक्षेपही निघाले होते. बिहारमधल्या चारा घोटाळ्याचंच बघा. चाईबासाच्या पशुसंवर्धन कार्यालयावर छापा पडला तो जानेवारी १९९६ मध्ये. पण कोषागारांचे मासिक हिशेब वेळेवर येत नाहीत, हे अफरातफरीचं लक्षण असू शकतं, असा इशारा तेव्हाचे महालेखापरीक्षक टी. एन. चतुर्वेदी यांनी १९८५ मध्येच तिथल्या मुख्यमंत्र्यांना दिला होता. मधली दहा वर्षं पैसे निघतच राहिले आणि आकडा सुमारे ९५० कोटींच्या घरात गेला. जनावरं आणि चारा वाहणारे ट्रक म्हणून बिलांत लिहिलेले नंबर पुढे परिवहन खात्याच्या नोंदींशी ताडले, तेव्हा त्यातले काही स्कूटरचे निघाले. ही ताडणी काही अवघड नव्हती. कुणी तरी ती वेळेत करायला हवी होती, आणि केल्यावर कुणी तरी ऐकायला हवं होतं.

‘ऑडिट मजबूत करा’ असं सगळेच म्हणतात. पण आक्षेप निघायच्या आधीचा भाग आपल्याकडे बऱ्यापैकी उभा आहे. सैल आहे तो आक्षेप निघाल्यानंतरचा. हे कळायला आधी ही यंत्रणा चालते कशी ते पाहू.

केंद्राच्या आणि राज्यांच्या खर्चावर नजर ठेवण्याचं काम राज्यघटनेने भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे दिलं आहे. आपण त्यांना कॅग म्हणतो. कलम १४८ ते १५१ त्यांच्याबद्दल आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला जसं सहजासहजी काढता येत नाही तसंच कॅगलाही. मुदत सहा वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, जे आधी होईल ते. पदावरून उतरल्यावर केंद्राचं किंवा राज्याचं दुसरं कुठलंही सरकारी पद घेता येत नाही, म्हणजे पुढच्या बक्षिसाच्या आशेने आज कुणाला सांभाळून घ्यायचा प्रश्न उरू नये. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी हा बहुधा राज्यघटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचं म्हटलं होतं, आणि त्याला निदान न्यायसंस्थेइतकं तरी स्वातंत्र्य हवं असा त्यांचा आग्रह होता.

एक गोष्ट मात्र तेव्हाही सरकारच्याच हातात राहिली आणि आजही आहे: या पदावर बसवायचं कुणाला. राष्ट्रपतींच्या सहीने नेमणूक होते, पण नाव सरकार ठरवतं. ब्रिटनमध्ये पंतप्रधानांना या पदासाठीचं नाव संसदेपुढे आणण्याआधी तिथल्या लोकलेखा समितीच्या, म्हणजे ऑडिटचे अहवाल तपासणाऱ्या संसदीय समितीच्या, अध्यक्षांची संमती घ्यावी लागते. ज्याचा हिशेब तपासायचा त्यानेच तपासनीस निवडायचा, हे कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत कुणी चालवून घेणार नाही. देशाच्या बाबतीत आपण चालवून घेतलं आहे.

कॅगची राज्यातली कार्यालयं म्हणजे महालेखापालांची कार्यालयं. महाराष्ट्रात ती मुंबईत आणि नागपुरात आहेत. राज्याच्या खात्यांचं, महामंडळांचं ऑडिट तिथून होतं. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिका, ग्रामपंचायती यांचं मुख्य ऑडिट राज्य सरकारचीच एक वेगळी यंत्रणा करते. तिचं नाव स्थानिक निधी लेखापरीक्षा, आणि ती १९३० च्या कायद्यावर उभी आहे. महापालिकांचे स्वतःचे मुख्य लेखापरीक्षक असतात. राज्याचं एका वर्षाचं अंदाजपत्रक आता सात लाख कोटींच्या वर गेलंय. त्यातलं प्रत्येक बिल तपासणं कुणालाही शक्य नाही, म्हणून निवडक कार्यालयं, निवडक महिने, निवडक व्हाउचर घेतले जातात. नमुना घेऊन तपासणं यात काही वावगं नाही. जगभर तसंच होतं.

तपासतात काय? तीन वेगवेगळे प्रश्न असतात. हिशेब खरा लिहिला आहे का, हा पहिला. खर्च करताना नियम पाळले का, हा दुसरा. आणि तिसरा, जो गेल्या काही दशकांत जास्त महत्त्वाचा झाला, तो असा: पैसे नियमाने गेले, पावत्याही जुळल्या, पण ज्यासाठी गेले ते झालं का? दवाखान्याची इमारत बांधली, बिल चुकतं झालं, सगळं कागदोपत्री चोख. पण डॉक्टरचं पदच मंजूर नाही म्हणून तीन वर्षं कुलूप आहे. पहिल्या दोन प्रश्नांत हे काम पास होतं, तिसऱ्यात नापास. कॅगच्या अहवालांत वाचण्यासारखं जे असतं ते बहुतेक या तिसऱ्या भागात.

आता एका आक्षेपाचा प्रवास जरा जवळून पाहू. समजा, सार्वजनिक बांधकाम विभागाने चार किलोमीटर रस्त्याचं डांबरीकरण केलं. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, सगळं झालं. काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, नोंदी झाल्या आणि त्यावरून बिल निघालं. दीड-दोन वर्षांनी महालेखापाल कार्यालयाची ऑडिट पार्टी त्या विभागात येऊन बसते. रस्त्यावर जाऊन खणण्याचा प्रश्न सहसा येत नाही. त्यांच्यापुढे फायली असतात. पण हुशार तपासनीसाला फाइलही पुष्कळ सांगते. एमबीप्रमाणे इतका डांबर लागला, मग तो विकत घेतल्याची कंपनीची मूळ चलनं, म्हणजे माल दिल्याच्या पावत्या, कुठे आहेत? असली, तर तेच चलन, तोच क्रमांक, शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या कामाच्या फाइलला पण लावलाय का? खडी-मुरुमाची रॉयल्टी भरल्याच्या पावत्या आहेत का, की ती बिलातून कापायची राहून गेली?

काही सापडलं की पार्टी तिथल्या तिथे एक छोटं पत्र देते आणि खुलासा मागते. स्थानिक निधीच्या भाषेत त्याला अर्धसमास पत्र म्हणतात. पानाच्या एका बाजूला शंका लिहिलेली, दुसरी बाजू उत्तरासाठी मोकळी. बरेच मुद्दे इथेच मिटतात. पावती दुसऱ्या फाइलमध्ये असते, ती दाखवली की झालं. न मिटलेले मुद्दे निरीक्षण अहवालात जातात आणि ‘परिच्छेद’ बनतात. कार्यालयाने महिनाभरात उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते. मुद्दा मोठा असेल तर तो खात्याच्या सचिवांकडे मसुदा म्हणून जातो, त्यांचं म्हणणं घेतलं जातं, आणि मग तो विधिमंडळापुढे ठेवायच्या छापील अहवालात येतो. तिथून लोकलेखा समितीकडे.

कागदावर ही साखळी सुरेख आहे. पण प्रत्येक कडीला एक ‘पण’ आहे.

पहिला कागद मिळण्याचा. १९७१ च्या कायद्याने कॅगला कुठलाही हिशेब, कुठलीही फाइल मागण्याचा अधिकार आहे. दिली नाही तर? त्या कायद्यात दंड नाही. आता माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आठवा. कुणीही सामान्य माणूस अर्ज टाकतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि टाळाटाळ केली तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत, स्वतःच्या खिशातून दंड बसू शकतो. घटनेने ज्याला देशाचा हिशेब तपासायला नेमलं त्याच्या हातात असं काही नाही. विनोद राय कॅग असताना कागद देण्याला मुदत घालावी यासाठी कायद्यात बदल सुचवले गेले होते. ते कायद्यात उतरले नाहीत. मला विचाराल तर सगळ्या सुधारणांत ही सर्वांत स्वस्त. पैसा लागत नाही, माणसं लागत नाहीत, एक कलम लागतं.

दुसरा वेळेचा. काम होऊन आक्षेप छापून येईपर्यंत तीन वर्षं सहज जातात. तोवर कार्यकारी अभियंता दोनदा बदलून गेलेला असतो, कंत्राटदाराची अनामत परत दिलेली असते. नव्या साहेबांचं उत्तर ठरलेलं: ‘सदर बाब माझ्या कार्यकाळातील नाही.’ आणि ते खोटंही नसतं.

तिसरा सभागृहाचा. कलम १५१ म्हणतं की अहवाल राष्ट्रपतींना किंवा राज्यपालांना द्यावा आणि त्यांनी तो सभागृहापुढे ठेवण्याची व्यवस्था करावी. किती दिवसांत, हे लिहिलेलं नाही. या एका मोकळ्या जागेत अख्खे अहवाल अडकून पडतात. दिल्लीत कॅगचे १४ अहवाल विधानसभेपुढे यायचे राहिले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिरंगाईबद्दल सरकारला सुनावलं, पण खास अधिवेशन बोलावण्याचा आदेश द्यायला नकार दिला. शेवटी सत्ताबदल झाल्यावर फेब्रुवारीपासून ते पटलावर यायला लागले. त्यातला मद्यधोरणाचा अहवाल २,००२ कोटींच्या नुकसानीबद्दल बोलत होता आणि ज्या धोरणाबद्दल बोलत होता ते केव्हाच गुंडाळलं गेलं होतं. जिथे अहवाल वेळेवर येतात तिथेही ते बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवले जातात. चर्चा कधी करणार? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठळक बातमी येते, तिसऱ्या दिवशी ती जुनी होते.

चौथा समितीचा. संसदेच्या लोकलेखा समितीत २२ सदस्य असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे आणि ती चांगली आहे. समिती सचिवांना समोर बसवून प्रश्न विचारू शकते, आणि कॅगचे अधिकारी शेजारी बसून कुठला धागा ओढायचा ते सुचवतात. अडचण एवढीच की अहवालांत परिच्छेद शेकड्याने असतात आणि समितीला वर्षभरात त्यातल्या मोजक्यांनाच हात घालता येतो. उरलेल्यांवर खातं लेखी टिपण पाठवतं: ‘कार्यवाही सुरू आहे.’ ज्यांनी जिल्हा परिषदेत काम केलंय त्यांना विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचा दौरा म्हणजे काय ते सांगायला नको. तारीख लागली की पंधरा दिवस फायली लागतात, थकलेली उत्तरं रातोरात तयार होतात, समिती येते, झाडाझडती होते, समिती जाते. दौऱ्याआधीच्या पंधरवड्यात जे होतं ते वर्षभर का होत नाही, यात खरं तर सगळं उत्तर आहे: कुणी तरी समोर बसून विचारणार आहे हे नक्की असलं की माणूस हलतो.

हे अनुभवाचं बोलणं नुसतं नाही, त्यावर चांगलं संशोधन झालंय. बेंजामिन ओल्केन या अर्थतज्ज्ञाने इंडोनेशियातल्या ६०८ गावांत एक प्रयोग केला. गावोगाव सरकारी पैशातून रस्ते बांधले जात होते. काही गावांना आधीच कळवलं की तुमच्या कामाचं सरकारी ऑडिट नक्की होणार. एरवी ती शक्यता शंभरात चार एवढीच होती. काही गावांत त्याऐवजी लोकांचा सहभाग वाढवला, सभांना जास्त माणसं बोलावली. मग रस्ते तयार झाल्यावर अभियंत्यांनी ते ठिकठिकाणी खणून नमुने काढले, वाळू-खडी किती पडली ते मोजलं, त्या भागातले मालाचे भाव आणि मजुरी विचारली आणि खरा खर्च काढून दाखवलेल्या खर्चाशी ताडला. ऑडिट नक्की आहे म्हटल्यावर गायब होणारा पैसा सुमारे आठ टक्के अंकांनी घटला. नुसत्या सभा वाढवल्याने एकूण गळतीत फारसा फरक पडला नाही. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात एक गमतीशीर पुरवणीही आहे: जिथे ऑडिट नक्की होतं तिथे कामावर पदाधिकाऱ्यांचे नातेवाईक जास्त लागले. एक वाट बंद झाली की पैसा दुसरी शोधतो.

ब्राझीलने २००३ मध्ये वेगळाच मार्ग काढला. कुठल्या नगरपालिकांचं ऑडिट करायचं ते चक्क जाहीर सोडत काढून ठरवायचं. म्हणजे वशिल्याने नाव गाळता येत नाही आणि सूडाने घालताही येत नाही. अहवाल लगेच इंटरनेटवर. ज्या महापौरांच्या कारभारात गैरव्यवहार निघाला आणि ते निवडणुकीआधी लोकांना कळलं, त्यांची पुन्हा निवडून येण्याची शक्यता घटली. स्थानिक रेडिओ होता तिथे जास्तच. इथे अहवालाची तारीख बघा. निवडणुकीआधी आला म्हणून उपयोग झाला. तोच अहवाल दोन वर्षांनी आला असता तर तो इतिहास झाला असता.

आपल्याकडेही लोकांनी हिशेब मागण्याची परंपरा आहे, आणि ती अस्सल इथलीच आहे. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात २ डिसेंबर १९९४ रोजी मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. भर सभेत हजेरीपट वाचून दाखवले. नाव वाचलं की लोक सांगायचे, हा माणूस कामावर नव्हताच. यातूनच पुढे माहिती अधिकाराची मागणी वाढली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने ग्रामसभेने कामांचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांनीच करायचं ऑडिट, करावं असं घातलं, आणि आंध्र प्रदेशाने त्यासाठी सरकारी खात्यापासून वेगळी संस्था उभी करून ते खरंच गावोगाव करून दाखवलं. तिथल्या अनुभवाचा अभ्यास फरझाना आफ्रिदी आणि वेगार्ड इव्हर्सन यांनी केला. निष्कर्ष नाराज करणारा होता. अंकेक्षणात गडबडी सापडत होत्या, पण पुढच्या फेरीत त्या कमी झाल्या असं दिसलं नाही. मजुरीतली सहज पकडता येणारी चोरी सोडून साहित्याच्या बिलांतली, गावकऱ्यांना न कळणारी, वाढली. कारण? सापडलेल्या रकमेची वसुली फारच थोडी होत होती आणि शिक्षा जवळजवळ कुणालाच नाही. इंडोनेशियात भीती होती, इथे नव्हती. आंध्रात शोधणारे कमी पडले नाहीत. शोधल्यानंतरचं टेबल रिकामं होतं.

मग ऑडिटरलाच शिक्षेचे अधिकार द्यावेत का? दक्षिण आफ्रिकेने ते पाऊल टाकलंय. १ एप्रिल २०१९ पासून तिथल्या महालेखापरीक्षकाला मोठी अनियमितता सापडली तर तो खात्याच्या प्रमुखाला आधी सुधारायला सांगतो, नाही ऐकलं तर बंधनकारक आदेश देतो, आणि तरीही नुकसान भरून काढलं नाही तर ती रक्कम त्या अधिकाऱ्याच्या नावावर कर्ज म्हणून टाकू शकतो. ऐकायला झकास वाटतं. आपल्याकडे मी जरा जपून जाईन. आदेश देणारा माणूस उद्या त्याच आदेशाच्या परिणामांचं ऑडिट करायला बसला तर तटस्थ कसा राहणार? शिवाय ऑडिटचं म्हणणं म्हणजे अंतिम निकाल नसतो. टू-जी स्पेक्ट्रमचा २०१० चा अहवाल आठवा. संभाव्य तोटा १.७६ लाख कोटींपर्यंत असू शकतो असं कॅगने म्हटलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. आणि डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातले सगळे आरोपी निर्दोष सोडले. अनेकांना यात विसंगती वाटते. वाटू नये. वाटपाची पद्धत चुकीची होती का, तोटा किती झाला असता आणि अमुक माणसाने लाच घेतली हे सिद्ध होतं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ऑडिट पहिल्याचं उत्तर ठामपणे देऊ शकतं, दुसऱ्याचा अंदाज बांधतं आणि तिसऱ्यात त्याला पडायचंच नसतं.

वाटेल तेवढी भीती घालण्याचाही तोटा आहे, आणि ऑडिट कडक करा म्हणणारे याबद्दल सहसा बोलत नाहीत. ‘ऑडिट ऑब्जेक्शन येईल’ हे सरकारी कचेरीतलं काम न करण्याचं सर्वांत आदरणीय कारण आहे. पुरात अडकलेल्या गावासाठी होड्या तीन कोटेशनं न मागवता घेतल्या म्हणून पाच वर्षांनी खुलासे लिहीत बसलेला तहसीलदार पुढच्या पुरात आधी कोटेशनं मागवणार. म्हणून नियमभंग आणि नुकसान यांतला फरक ऑडिट करणाऱ्याने नीट करायला हवा. नुसती सही चुकलेली आणि पैसा चुकलेला हे एकाच मापाने लिहिलं की खरा चोर त्या ढिगात सुखाने लपतो.

मला जास्त आशा वाटते ती डेटाच्या वापरात, कारण तिथे उशीर कमी होऊ शकतो. आयुष्मान भारत योजनेवरच्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल नंबर निघाला: दहा वेळा नऊ. सरकारचं म्हणणं होतं की पात्रता मोबाइलवरून ठरत नव्हती, नंबर टाकणं सुरुवातीला सक्तीचंही नव्हतं. ते धरून चाललं तरी संगणकात मोबाइल नंबरचा हा रकाना रोज रात्री आपोआप तपासता आली असती. त्यासाठी ऑडिट पार्टीने काही वर्षांनी यायची गरज नव्हती. राज्यात कोषागारांची बिलं आता ऑनलाइन जातात, अनुदानाचं वाटप राज्याच्या बीम्स या संगणक प्रणालीवर दिसतं, केंद्राच्या योजनांचा पैसा केंद्राच्या पीएफएमएस या प्रणालीवर. तेच चलन दोन कामांना, एकाच बँक खात्यावर चाळीस मजुरांची मजुरी, ३१ मार्चच्या रात्री निघालेली गोल आकड्यांची बिलं: हे प्रश्न पैसे जाण्याआधी विचारता येतात.

मार्चचा विषय निघालाच आहे तर एक शब्द समजून घ्या: उपयोगिता प्रमाणपत्र. खात्याने कुणाला अनुदान दिलं की घेणाऱ्याने ते ठरल्या कामावरच खर्च केल्याचा दाखला द्यायचा असतो. तो आला नाही तर हिशेबात पैसा ‘खर्च’ दिसतो आणि प्रत्यक्षात तो कुठल्या तरी बँक खात्यात पडूनही असू शकतो. बिहारच्या २०२३-२४ च्या राज्य वित्त अहवालात असे ७०,८७७ कोटी रुपयांचे दाखले थकलेले निघाले. यावरून ‘७० हजार कोटींचा घोटाळा’ अशा बातम्या फिरल्या. ऑडिट तसं म्हणत नाही. ऑडिट म्हणतं, हे पैसे नीट वापरले गेले की नाही याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. माझ्या मते हे जास्त गंभीर आहे, पण मथळ्यात बसत नाही. संक्षिप्त देयकावर आगाऊ उचललेले पैसे, ज्यांची तपशीलवार देयकं मागाहून द्यायची असतात आणि दिली जात नाहीत, त्यांची गोष्ट तीच. यावरचा उपाय पण नवा शोधायला नको: मागचा दाखला नाही तर पुढचा हप्ता नाही. नियम लिहिलेला आहेच. तो मार्चमध्ये निधी परत जाईल या धाकाने मोडला जातो.

सगळ्यात पातळ ऑडिट कुठे आहे? आपल्या सगळ्यात जवळ. ग्रामपंचायत, नगरपालिका. कॅगच्या अहवालावर दिल्लीत वाद होतात. गावच्या लेखापरीक्षण अहवालाबद्दल गावातच कुणाला माहिती नसते. पंधराव्या वित्त आयोगाने निदान एक चांगलं केलं: स्थानिक संस्थांना अनुदान हवं असेल तर त्यांचे हिशेब ऑनलाइन असायला हवेत अशी अट घातली. त्यामुळे केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाच्या ई-ग्रामस्वराज आणि ऑडिट ऑनलाइन या संकेतस्थळांवर आज ग्रामपंचायतींचे हिशेब, ऑडिटचे अहवाल शोधता येतात.

आणि महाराष्ट्रात कायदा त्याहून पुढचा आहे, तोही जुना. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत व्हायला हवी, आणि तिच्यापुढे वार्षिक हिशेबासोबत शेवटचं लेखापरीक्षण टिपण आणि त्याला दिलेली उत्तरंही ठेवायला हवीत. तुम्ही त्या सभेला गेलात तर आकडेमोडीत शिरू नका. ती तुम्हाला थकवण्यासाठीच वाचली जाते. आक्षेपांची यादी मागा आणि तीन रकाने बघा. आक्षेप कुठल्या वर्षाचा आहे. वसूलपात्र रक्कम किती, आणि त्यातली वसूल किती. अनुपालन, म्हणजे आक्षेपाच्या पूर्ततेचं उत्तर, कुठल्या तारखेला पाठवलं. दहा वर्षांपूर्वीचा परिच्छेद अजून उघडा असेल तर त्या वेळचे सरपंच आणि ग्रामसेवक कोण होते हे गावात विचारावं लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. अनुपालन का नाही, हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि इतिवृत्ताची नक्कल मागा. पुढच्या ऑडिटला तेही कागदपत्रच असतं.